कामवाटपाची वही

पर्यावरण विभागात बायका किती, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं. आस्थापना शाखेकडून तक्ता येतो: मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, त्यात महिला इतक्या, टक्केवारी इतकी. ही टक्केवारी गेल्या काही वर्षांत वाढत गेली आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा प्रयोगशाळेत आम्ही मोजक्याच होतो. आता सकाळी पांढरे कोट अडकवायच्या खुंट्यांवर निम्म्याहून जास्त नावं बायकांची आहेत.

तरीही तो तक्ता वाचून विभागात समानता कितपत आली आहे हे कळत नाही. ते कळायचं असेल तर दुसरीच वही मागावी लागते, आणि ती सहसा कुणी मागत नाही. आज कुणी कुठे जायचं, कुणी काय करायचं, हे जिच्यात रोज सकाळी लिहिलं जातं ती कामवाटपाची वही.

स्थानिक संस्थेच्या पर्यावरण विभागाचं काम तसं पसरलेलं असतं. नाले, तलाव, नदी यांचं पाणी तपासायचं, हवा मोजायची, सांडपाणी आणि कचरा प्रक्रिया केंद्रांवर नजर ठेवायची, धुराच्या, वासाच्या, आवाजाच्या तक्रारींना धावायचं. पण आमच्या बोलण्यात या सगळ्याचे दोनच भाग असतात, टेबल आणि फील्ड. पदनाम एक, वेतनश्रेणी एक, भरतीची परीक्षा एक. वही उघडली की मात्र ठरावीक नावं ठरावीक बाजूला पडलेली दिसतात. बायकांच्या नावापुढे ‘प्रयोगशाळा’, ‘अहवाल’, ‘पत्रव्यवहार’. पुरुषांच्या नावापुढे ‘नमुने’, ‘पाहणी’, ‘सुनावणी’. एखाद्या दिवशी असं झालं तर त्यात काहीच वावगं नाही. वर्षभराची पानं सलग उलटली की चित्र दिसतं.

नमुना आणणं म्हणजे बाटली भरून आणणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर 300 मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच सावकाश भरावी लागते. हवेचा बुडबुडा आत राहिला की आकडा गेलाच. मग तिथेच काठावर उकिडवं बसून पिपेटचं टोक पाण्यात बुडवायचं, आधी मँगेनीज सल्फेट आणि मागोमाग अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण सोडायचं, बूच घट्ट बसवून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असला तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. ऑक्सिजन नसला तर साका पांढराच राहतो. तसा पांढरा साका मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. समोर पाणी वाहत होतं आणि त्यात श्वास घ्यायला काही उरलेलं नव्हतं.

तोच नमुना दुसऱ्या कुणी आणून माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी अहवालाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहून पुढच्या बाटलीकडे वळले असते. काठावर बसले होते म्हणून दिसलं की वरच्या अंगाला गवताआड एक पाईप आहे, त्यातून येणारं पाणी हाताला कोमट लागतंय, आणि पाईपच्या खालचं गवत एका ठरावीक उंचीपर्यंत काळं पडलंय. म्हणजे रात्री पाण्याची पातळी तिथपर्यंत चढत होती. अहवालातला आकडा आणि हे काळं गवत एकत्र आल्याशिवाय कुणावर कारवाई होत नसते.

पदोन्नतीच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. अमुक नाल्याचं पाणी कुठल्या वेळेला बदलतं, दोन कारखान्यांची तोंडं एकाच ठिकाणी असतील तर दोष कुणाचा हे कसं ठरवाल, पाहणीला गेल्यावर फाटकावर अडवलं तर काय कराल. ज्याने वर्षानुवर्षं नाले तुडवलेत तो धडाधड सांगतो. जिने त्याच नाल्यांचे हजारो नमुने तपासलेत तिला आकडे तोंडपाठ असतात, जागा डोळ्यांपुढे येत नाही. निवड समिती अनुभवी उमेदवार निवडते आणि ती प्रामाणिकच असते. त्या खोलीत कुणी पक्षपात केलेला नसतो. तो आधीच, रोज सकाळी थोडा थोडा, वहीत होऊन गेलेला असतो.

आणि तोही बहुतेक वेळा काळजीपोटी. “मॅडम, तुम्ही कशाला त्या चिखलात? मी पाठवतो ना कुणाला तरी.” हे म्हणणारे साहेब सज्जन होते, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले आणि आजही मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण आमच्या कामाचं खरं शिक्षण त्या चिखलातच होतं आणि माझ्या वाट्याचं ते शिक्षण त्यांनी मायेने दुसऱ्याला देऊन टाकलं. उघड विरोध असला तर भांडता येतं. या काळजीला नको म्हटलं की बाई आगाऊ ठरते, बरं म्हटलं की दहा वर्षांनी अननुभवी ठरते.

आमच्या शास्त्राच्या इतिहासातही हे पहिल्यापासून आहे. एलन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री, साल 1873. संस्थेने त्यांच्याकडून फी घेतली नव्हती. परिस्थिती बघून सवलत दिली असावी असं त्यांना वाटलं होतं. कुणी हरकत घेतलीच तर ‘ही आमची रीतसर विद्यार्थिनी नाही’ असं म्हणायला जागा राहावी म्हणून ती सोय होती, हे त्यांना मागाहून समजलं. पुढे 1887 पासून मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळासाठी राज्यभरातल्या पाण्याची मोठी तपासणी झाली. प्रयोगशाळेचे प्रमुख दुसरे होते, हजारो नमुन्यांचा रोजचा भार एलनबाईंवर होता. त्यातून क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या एका घटकाचा, प्रसिद्ध नकाशा तयार झाला. समुद्रापासून आत जावं तसं पाण्यातलं नैसर्गिक क्लोराइड कमी होत जातं, त्यामुळे एखाद्या जागी ते अपेक्षेपेक्षा जास्त निघालं तर तिथे माणसांचं सांडपाणी मिसळतंय असं समजायचं. क्लोराइडचा रकाना आजही आमच्या छापील अहवालात आहे. 1884 साली एलनबाई आरोग्य-रसायनशास्त्राच्या निदेशक झाल्या, म्हणजे शिकवणाऱ्यांतलं खालचं पद. 1911 साली त्या वारल्या तेव्हाही त्याच पदावर होत्या. इतक्या मोठ्या कामाला 27 वर्षांत एकही पायरी वर चढता आली नाही, हे वाचल्यावर मी बराच वेळ काही काम करू शकले नव्हते.

फील्डला जायचं ठरलं की पुढचा अडसर बुटांचा. हा विषय क्षुल्लक वाटेल, पण ज्याला गाळात उतरायचंय त्याच्यासाठी तो जिवाचा आहे. गमबूट ठोक खरेदीने येतात आणि त्यातलं सगळ्यात लहान मापही बाईच्या पायाला मोठं होतं. दोन जाड मोजे चढवून काम भागवायचं. गाळात पाय रुतला की बूट तिथेच राहतो आणि पाय वर येतो. सुरक्षापट्ट्याचे बंद पुरुषाच्या खांद्याच्या हिशेबाने बेतलेले असतात. मुखवटा गालाशी नीट बसला नाही तर फटीतून वायू आत येतोच, मग त्यावर कितीही चांगला फिल्टर असो. एकदा आम्ही सगळ्यांच्या पायांची, खांद्यांची आणि चेहऱ्यांची मापं घेऊन यादी खरेदी शाखेला दिली. पुढच्या खेपेला मापाचे बूट आले. एक कागद लागला. तो कागद इतकी वर्षं कुणाला सुचला नाही, कारण बूट मागवणाऱ्यांच्या पायाला बूट बसत होते. आणि यादी आल्यावर कळलं की बारीक चणीचे दोघे पुरुष सहकारीही आजवर मोज्यांवर मोजे चढवत होते.

स्वच्छतागृहाचं तर बोलायलाच नको. पाहणीचा दिवस म्हणजे सकाळपासून पाणी न पिण्याचा दिवस, हे आमच्यातली प्रत्येकजण जाणते. फेरीचा मार्ग आखताना मधे एखादं शासकीय कार्यालय किंवा पंपिंग स्टेशन येईल एवढं बघितलं तरी हा प्रश्न बराचसा सुटतो. त्याला खर्च लागत नाही, मार्ग आखणाऱ्यांत एक बाई लागते.

रात्रीच्या पाहणीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे सगळेच अडतात. घाण पाणी सोडणारे ते रात्री सोडतात, त्यामुळे महत्त्वाचे पुरावे रात्रीचेच. बायकांना रात्री पाठवायचं नाही असा अलिखित नियम, म्हणजे महत्त्वाच्या प्रकरणांत बायकांची नावं नाहीत. आम्ही काही जणींनी लेखी मागितलं की आम्हाला पाठवा, फक्त कुणालाच एकट्याने पाठवू नका. गाडी जागेवर थांबलेली हवी, दोघांनी मिळून जायचं, वायू मोजायचं यंत्र बरोबर हवं. तेव्हा सूर असा होता की बायकांसाठी केवढा लवाजमा करावा लागणार. पण एकट्या पुरुषाने रात्री सांडपाण्याच्या चेंबरवर वाकणं हेही तितकंच घातक असतं. सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास आधी येतो, पण हवेत त्याचं प्रमाण 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पुढे वाकतो आणि कोसळतो. अशा वेळी मागे ओढणारं दुसरं माणूस लागतं. दोघांनी जाण्याचा नियम अखेर सगळ्यांसाठीच झाला. आज त्याला बायकांची सवलत कुणी म्हणत नाही.

अमेरिकेतल्या शिकागोच्या समाजसेविका जेन ॲडम्स इथे आठवतात. त्यांच्या वस्तीतला कचरा उचललाच जात नव्हता, बालमृत्यू वाढत होते. त्यांनी सरळ कचरा उचलण्याच्या ठेक्यासाठी निविदा भरली. ती तांत्रिक कारणाने बाद झाली, पण त्या गडबडीतून 1895 साली महापौरांनी त्यांना 19व्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. त्या सकाळी सहाला उठून कचरागाड्यांच्या मागोमाग डेपोपर्यंत जायच्या, गाड्या वाढवायला लावायच्या, ऐकत नसलेल्या घरमालकांना कोर्टात खेचायच्या. एका अरुंद गल्लीत उकरत गेल्यावर 18 इंच खाली फरसबंदी लागली. तिथे रस्ता आहे हे लोक विसरूनच गेले होते. वॉर्डातल्या परदेशातून आलेल्या कित्येक बायकांना एका बाईने हे पुरुषी काम करावं याचा धक्का बसला होता, आणि त्यांना समजावता समजावता जेनबाईंना बराच वेळ गेला. पण मृत्युदराच्या यादीत तो वॉर्ड तिसऱ्यावरून सातव्या क्रमांकावर उतरला. ही गोष्ट मी नव्या मुलींना आवर्जून सांगते, कारण त्यात जेनबाईंचं मोठेपण जितकं आहे तितकंच गाडीमागे चालण्याचंही आहे. त्या कार्यालयात बसून अहवाल मागवत राहिल्या असत्या तर फरसबंदी सापडली नसती.

कुणाला कुठलं काम मिळतं याइतकाच महत्त्वाचा प्रश्न, कुठल्या कामाला किती मोल मिळतं. समान मूल्याच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1951 सालच्या 100 क्रमांकाच्या करारात लिहून ठेवलेलं आहे. ‘समान कामाला’ याच्याही पुढचं ते आहे. दोन कामं दिसायला वेगळी असली तरी कौशल्य, कष्ट, जबाबदारी आणि परिस्थिती तोलून बघितल्यावर सारखी भरली, तर पैसेही सारखे हवेत.

हे न तोलल्याने काय होतं ते ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेत दिसलं. कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, थडगी खोदणारे हे बहुतेक पुरुष, त्यांना मूळ पगारावर बोनस मिळे. त्याच श्रेणीतल्या स्वयंपाकी, सफाई कामगार, वृद्धांची देखभाल करणाऱ्या या बहुतेक बायका, त्यांना तो नसे. वर्षानुवर्षं यात कुणाला काही गैर वाटलं नाही, कारण बोनस पुरुषांना नव्हता, ‘कामाला’ होता. ज्या बायका नोकरी सोडून गेल्या होत्या त्यांनाही सहा वर्षांपर्यंत दिवाणी न्यायालयात दावा करता येईल, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिला. देणी वाढत गेली. सप्टेंबर 2023 मध्ये परिषदेने नवा खर्च थांबवत असल्याची अधिकृत नोटीस काढली, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत समान वेतनाची थकबाकी होती. तिथल्या कचरा कामगारांचा 2025 सालचा लांबलेला संपही याच गुंत्यातून, पगार कमी होणार म्हणून, आला. चूक कुणाची आणि भोगतंय कोण, असं वाटून जातं. ज्या पुरुषांचे पैसे कमी होणार होते त्यांनी ती व्यवस्था आखलेली नव्हती.

म्हणूनच मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची गोष्ट जास्त जवळची वाटते. तिथे कामांचं मूल्यमापन करणारी नवी पद्धत आणली गेली, कागदावर अगदी शास्त्रशुद्ध. तिच्यात आठवड्याला 37 तास भरणाऱ्याला जास्तीचे गुण होते. आता घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघणाऱ्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नोकरीच तुकड्यातुकड्यांत बांधलेली, त्यांचे 37 तास भरणार कुठून? नियमात बाई हा शब्द नव्हता आणि फटका मात्र बायकांनाच बसला. ऑक्टोबर 2018 मध्ये आठ हजारांवर बायका दोन दिवस संपावर गेल्या. तेव्हा कचरागाड्यांवरच्या पुरुषांनी त्यांची निदर्शनाची रांग ओलांडायला नकार दिला. गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. ज्यांच्या पगाराशी बायकांच्या पगाराची तुलना होत होती तेच त्यांच्या बाजूने उभे राहिले. 2019 साली परिषदेने तडजोड मान्य केली, रक्कम 50 कोटी पौंडांच्या घरात. बायकांना द्यायचं म्हणजे पुरुषांच्या ताटातलं काढायचं, असं जे आमच्याकडे युनियनच्या बैठकीत बोललं जातं, त्याला मी दर वेळी ग्लासगोचं उदाहरण देते.

स्त्री-पुरुष एवढ्यावर हा विषय थांबत नाही. वाटपाची वही आणखी पुष्कळ काही ठरवत असते. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरा उचलणारे काळे होते आणि त्यांच्यावरचे मुकादम गोरे. 1968च्या जानेवारीअखेर पावसाने काम थांबलं तेव्हा गटारांवरच्या काळ्या कामगारांना घरी पाठवण्यात आलं. गोऱ्या मुकादमांना पूर्ण दिवसाचा पगार मिळाला. दुसऱ्याच दिवशी, 1 फेब्रुवारीला, पावसातच कचरा दाबणाऱ्या गाडीत अडकून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगार संपावर गेले आणि त्यांच्या हातात फलक होते: मी माणूस आहे. त्यांनाच पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग त्या शहरात गेले होते, आणि 4 एप्रिलला त्यांची हत्या तिथेच झाली. मेम्फिसच्या आस्थापनेचा तक्ता तेव्हा मागवला असता तर काळ्यांची टक्केवारी भरघोसच निघाली असती. सगळी खालच्या ओळीत.

आणि काहीजणी तर कुठल्याच ओळीत नसतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही वेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार तिने महापालिकेशी केला. यातल्या बहुसंख्य बायका आहेत, त्यातही दलित. सुक्या कचऱ्यातलं काय परत वापरात जाईल हे त्यांच्या बोटांना जितकं कळतं तितकं कुठल्याही पदवीधराला कळत नाही. पण विभागातल्या महिलांची टक्केवारी काढताना जगभर अशा बायका हिशेबाबाहेर राहतात, कारण त्या पगारपत्रकावर नसतात. पर्यावरणाचं सगळ्यात रोकडं काम करणाऱ्या हातांना वगळून काढलेल्या टक्केवारीवर माझा विश्वास बसत नाही.

वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसं विभागात असली की कामही सुधारतं, हे मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे एक सहकारी आहे, त्याचं बालपण कचरा डेपोच्या भिंतीला लागून गेलं. धुराच्या तक्रारी यायच्या, पाहणी व्हायची, काही सापडायचं नाही. त्याने सांगितलं की आग लावत नाहीत, लागते. आत कुजताना मिथेन साठतो, उष्णता वाढते, आणि धूर पहाटे जमिनीलगत पसरतो. तुम्ही अकराला जाता तेव्हा तो वर निघून गेलेला असतो. पहाटेची पाहणी सुरू झाली आणि धुराची जागा सापडली. व्हिएन्नातही असंच झालं. मुली नवव्या-दहाव्या वर्षानंतर उद्यानांत येईनाशा होतात हे शहर प्रशासनातल्या बायकांच्या लक्षात आलं, आणि 1999 साली तिथल्या दोन उद्यानांची फेररचना झाली. मोठं मोकळं मैदान तोडून छोट्या जागा, पायवाटा, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय, आणि मुली परत आल्या. झाडांची संख्या मोजणाऱ्या कुठल्याही अहवालात ‘इथे मुली नाहीत’ असा रकाना नव्हता.

आमच्या वहीत आता फिरती पाळी आहे. प्रत्येकाला ठरावीक महिने फील्ड, ठरावीक महिने प्रयोगशाळा, बाई असो वा पुरुष. सुरुवातीला कुरकुर झाली. प्रयोगशाळेत बसायला लागल्यावर दोघा-तिघा पुरुषांनी ब्युरेट हातात धरली ती बऱ्याच वर्षांनी, आणि नमुना उशिरा आणला तर पुढे काय होतं ते त्यांना तिथे कळलं. आता नमुने वेळेत येतात, बर्फात येतात, चिठ्ठ्या नीट लावलेल्या येतात. नुकत्याच झालेल्या मुलाखतीत एका मुलीने नाल्यांची तोंडं क्रमाने सांगितली. पॅनेलवर मी होते. तिचं बोलणं ऐकताना माझा गळा दाटून आला होता.

गाड्यांवर मात्र अजून एकही बाई नाही. कचरागाडी आणि गाळ उपसायचं यंत्र चालवण्याच्या जाहिरातीत जड वाहनाचा परवाना आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. मदतनीस म्हणून लागलेली मुलं हा अनुभव कुठून मिळवतात ते सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी आवारात ड्रायव्हर त्यांना स्टिअरिंगवर बसवतो, गाडी मागे-पुढे करायला देतो, मग ओळखीने परवाना होतो. मदतनीस बायकांना ड्रायव्हर बसवत नाही. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, लोक काय म्हणतील म्हणून. आमच्याकडे अशा दोघी आहेत ज्यांनी शिकायचंय असं स्वतः येऊन सांगितलं. त्यांच्यासाठी मी प्रस्ताव केला की हे शिकवणं संध्याकाळच्या मेहेरबानीवर न ठेवता कामाच्या वेळेत, वहीत नोंद करून व्हावं, जो कुणी मदतनीस मागेल त्याला.

फाईल सध्या वित्त शाखेत आहे. त्यांची एकच विचारणा आलीय, शिकताना गाडीला लागणारं इंधन कुठल्या लेखाशीर्षातून टाकायचं. मी उत्तर पाठवलंय की मुलं आजवर ज्या लेखाशीर्षातल्या इंधनावर शिकली, त्याच. मंजुरी आली की दोघींची नावं सोमवारच्या पानावर घालायची आहेत.